पहिला टेक चुकला होता

अर्ध्या मिनिटाच्या जरासं पुढे एक शिट्टी ऐकू येते. मग टाळ्या, कुणीतरी ओरडतं थांबा थांबा, आणि अख्खा बँड जागच्या जागी थांबतो. झालं, टेक फुकट गेला. तारीख २६ नोव्हेंबर १९४५, गाव न्यूयॉर्क, सॅव्हॉय नावाची एक छोटी रेकॉर्ड कंपनी, आणि ज्याच्या नावावर ते सेशन होतं तो २५ वर्षांचा जॅझमधला अल्टो सॅक्सोफोनवाला म्हणजे चार्ली पार्कर. लोक त्याला बर्ड म्हणायचे.

मी हा फुकट गेलेला टेक आजवर किती वेळा ऐकला असेल ह्याची खरंच गणती नाही. त्यात काय होतं, तर बर्ड आणि ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी दोघं मिळून एक भन्नाट इंट्रो वाजवतात, ट्रम्पेटला आवाज दाबणारा म्यूट लावलेला, दोघांचा सूर असा चिकटलेला की एकच वाद्य वाजतंय असं वाटावं, आणि ते संपलं की दोघं ‘चेरोकी’ नावाच्या त्या काळच्या गाजलेल्या गाण्याच्या चालीवर येतात, आणि तिथेच शिट्टी. कारण मूळ चाल वाजवली की रॉयल्टी मूळ संगीतकाराला द्यावी लागणार, आणि तीन मिनिटांच्या तबकडीत निम्मा वेळ त्या चालीतच जाणार. मग पुन्हा सुरुवात होते. इंट्रो तोच, पण ह्या वेळी तो संपल्यावर चाल येतच नाही, बर्ड सरळ उडी मारतो. गाण्याचा सांगाडा तेवढा ठेवला, कातडी काढून टाकली. त्या टेकचं नाव ‘को-को’. पुढची जवळजवळ पावणेदोन मिनिटं तो एकटा वाजवत राहतो, मिनिटाला तीनशे ठोक्यांच्या आसपासची लय, म्हणजे हिशोब केलात तर सेकंदाला दहाएक स्वर, आणि त्यातला एकही भरतीचा वाटत नाही.

बीबॉप, म्हणजे बर्ड आणि डिझीने आणलेलं हे नवं जॅझ, ते काय असं कुणी विचारलं की मी आधी हा फुकट गेलेला टेक ऐकवतो आणि मग लगेच पुढचा. त्या दोन टेकच्या मधे कुठेतरी जुनं जॅझ संपलंय आणि नवं सुरू झालंय असं मला वाटतं. अर्थात ते एका दिवसात झालेलं नाही हे मलाही माहितीये, पण कानाला तसंच ऐकू येतं.

माझ्याकडे बर्ड आला तो कॅसेटमधून. १९९६ साल असेल, मी एकोणीस वर्षांचा, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये मित्राबरोबर नुसता टाइमपास करायला गेलेलो आणि कव्हरवरचा फोटो बघून कॅसेट घेतली. फोटोत एक गुबगुबीत माणूस, पट्ट्यापट्ट्यांचा सूट, डोळे मिटलेले. घरी येऊन लावली आणि पाच मिनिटांत बंद केली. कशाला कशाचा पत्ता लागेना, सगळं इतकं वेगात पळतंय की धरायला जागाच नाही. कॅसेट कपाटात गेली ती दोन वर्षं तिथेच.

ती बाहेर निघाली आमच्या बुवांमुळे. मी तेव्हा ठाण्यात एका बुवांकडे हार्मोनियम शिकत होतो, आठवड्यातून दोनदा, पलटे आणि फक्त पलटे. एकदा क्लास संपल्यावर पाऊस इतका होता की निघताच येईना, बॅगेत वॉकमन होता आणि त्यात नेमकी तीच कॅसेट (का घातली होती ते आता आठवत नाही). बुवा म्हणाले, ‘काय ऐकतोस बघू’. मी ती त्यांच्या टेपरेकॉर्डरवर लावली. जी लागली ती ‘पार्कर्स मूड’, १९४८ सालची, संथ लयीतली ब्लूज. बुवांनी डोळे मिटले आणि मांडीवर बोटांनी मात्रा मोजायला लागले. पहिल्यांदा चुकले. पुन्हा रिवाइंड. ‘ह्याची सम कुठंय रे?’ पुन्हा रिवाइंड. तिसऱ्यांदा त्यांनी जिथे मांडीवर थाप मारली तिथेच पियानोवालाही येऊन पोचला, आणि बुवा एकदम हसले.

‘अरे, हे अठ्ठेचाळीस मात्रांनी फिरतंय. बाराचं घर, प्रत्येकात चार. आपला विलंबित एकताल काय वेगळा असतो?’

मी गप्पच. म्हणजे दोन वर्षं जे मला धरता येत नव्हतं ते धरायची दोरी माझ्या हातातच होती, मी रोज तिच्यावर रियाज करत होतो. बारा बारची ब्लूज (बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक खण) म्हणजे बारा मात्रांचा एकताल असं शब्दशः कुणी समजू नये, तिथे ठेका वेगळा, स्वरांची व्यवस्था वेगळी, राग नाही, कॉर्ड आहेत म्हणजे एका वेळी तीनचार स्वर एकत्र, आणि ते दर एकदोन बारनी बदलतात. पण एक आवर्तन आहे, ते फिरतं, आणि वाजवणारा त्याच्या आत जागा शोधत हिंडतो आणि वेळेवर घरी येतो, हे तर सेमच आहे की. त्या दिवसानंतर मी बर्ड मोजत ऐकायला लागलो. कुणी नव्याने ऐकणार असेल तर त्याला मी ‘को-को’ नाही, ‘पार्कर्स मूड’च सुचवेन, आणि मांडीवर बोटं ठेवूनच ऐका. जॉन लुईस पियानोवर, कर्ली रसेल बासवर, मॅक्स रोच ड्रम्सवर. सुरुवातीला बर्ड तीनचार स्वरांची एक हाक मारतो, लयीच्या बाहेरच, देवळाच्या पायरीवर उभं राहून कुणाला तरी बोलवावं तशी, आणि मग आत येतो. ती हाक कॅन्सस सिटीची आहे.

कॅन्सस सिटीबद्दल सांगितल्याशिवाय त्याच्याबद्दल सांगताच येत नाही. २९ ऑगस्ट १९२० चा जन्म, नदीपलीकडच्या कॅन्सस राज्यातला, पण वाढला इकडे मिसूरीतल्या कॅन्सस सिटीत, ऑलिव्ह स्ट्रीटवर. वडील घरात फारसे नसायचेच. आई, अ‍ॅडी पार्कर, रात्रपाळीत वेस्टर्न युनियनच्या ऑफिसात साफसफाई करायची, आणि तिनेच साठवलेल्या पैशातून त्याला जुना अल्टो सॅक्सोफोन घेऊन दिला. आता आई रात्रभर बाहेर, आणि गाव असं की टॉम पेंडरगास्ट नावाच्या राजकीय दादाच्या आशीर्वादाने क्लब पहाटेपर्यंत उघडे, देशभर मंदी चाललेली असताना इथे मात्र वाजवणाऱ्यांना काम होतं. मग आई कामावर गेली की पोरगं क्लबांच्या मागच्या गल्लीत. काउंट बेसीचा बँड, लेस्टर यंगचा टेनर सॅक्सोफोन, हे सगळं त्याने दाराबाहेर उभं राहून ऐकलेलं.

आणि मग त्याने स्वतः वाजवायचं धाडस केलं, आणि पार तोंडावर पडला. एकदा नाही दोनदा. पहिल्यांदा, त्याने नंतर स्वतःच सांगितलंय, येत होती दोनच गाणी, ती कशीबशी निभावली आणि मग एका संथ गाण्यात दुप्पट लय घ्यायला गेला, सगळे हसले, हा घरी जाऊन रडला आणि तीन महिने वाद्याला हात लावला नाही. दुसऱ्यांदा १९३६ मध्ये, रेनो क्लबात, बेसीचा ड्रमर जो जोन्स तालावर होता, आणि सोळाच्या आतल्या ह्या मुलाने वाजवता वाजवता आवर्तन हरवलं. जोन्सने झांज काढून त्याच्या पायाशी फेकली. धाडकन आवाज, आणि मग हशा. मला त्या झांजेचा विचार केला की आमच्या बैठकीतल्या त्या मुलीची आठवण येते जी सम चुकल्यावर पुढे कधी गायलाच आली नाही. बर्ड परत आला.

कसा परत आला ते महत्त्वाचंय. १९३७ च्या उन्हाळ्यात ओझार्कच्या डोंगरात एका रिसॉर्टवर त्याला बँडमध्ये काम मिळालं, आणि जाताना त्याने लेस्टर यंगच्या रेकॉर्ड सोबत नेल्या. तिथे बसून त्याचे सोलो स्वरन्स्वर कानाने उतरवून घेतले. बँडमधल्या लोकांकडून कॉर्ड समजून घेतले. परत आला तेव्हा गावातल्या लोकांना कळेना की हा तोच का. १९५४ च्या एका रेडिओ मुलाखतीत, समोर प्रश्न विचारायला पॉल डेसमंड होता, जो स्वतः केवढा मोठा सॅक्सोफोनवादक, त्याने विचारलं की हे तंत्र आलं कुठून, तर बर्ड अगदी साधेपणाने म्हणाला की तीनचार वर्षं दिवसाला अकरा ते पंधरा तास वाजवायचो, शेजाऱ्यांनी आईला घर सोडायला सांगायची धमकी दिलेली. आपल्याकडे चिल्ला म्हणतात, चाळीस दिवसांचा. ह्याचा तीनचार वर्षांचा चालला.

हे मी मुद्दाम ठासून सांगतोय कारण बर्डची गोष्ट सांगताना लोक शेवटापासून सुरू करतात. हेरॉइन, दारू, वेड, चौतिसाव्या वर्षी मृत्यू, आणि मग एक असा सूर की प्रतिभेचं हे असंच असतं, जळत्या मेणबत्तीसारखं वगैरे. मला ह्याचा मनापासून राग येतो. त्याने स्वतः १९४९ मध्ये डाउनबीट मासिकाला स्पष्ट सांगितलं होतं की नशेत आपण जास्त चांगलं वाजवतो असं म्हणणारा वादक चक्क खोटं बोलतो. त्याला व्यसन लागलं ते कोवळ्या वयात, १९३६ च्या एका मोटार अपघातात बरगड्या मोडल्या आणि वेदनांवर औषधं सुरू झाली, ते पुढे कधी सुटलंच नाही. तो आजार होता. त्याचं संगीत तो आजार असूनही आहे, त्याच्यामुळे नाही.

बरं. ‘चेरोकी’कडे परत येतो.

१९३९ मध्ये तो न्यूयॉर्कला आला, खिशात काही नाही, हार्लेममधल्या एका चिकनच्या हॉटेलात भांडी घासायला लागला. पण ते हॉटेल कुठलं, तर जिथे आर्ट टेटम पियानो वाजवायचा. म्हणजे आत भांडी आणि बाहेर टेटम. नंतर त्याच वर्षाच्या डिसेंबरात एका चिली हाऊसमध्ये बिडी फ्लीट नावाच्या गिटारवाल्याबरोबर तो ‘चेरोकी’ वाजवत बसला होता. त्याला बरेच दिवस काहीतरी डोक्यात ऐकू येत होतं पण वाजवता येत नव्हतं, त्याने तसं सांगितलंय. त्या रात्री लक्षात आलं की कॉर्डच्या वरच्या मजल्यावरचे जे स्वर असतात, नववा, अकरावा, तेरावा, त्यांच्यावरून चाल रचायची आणि खाली त्याला जुळेल असे कॉर्ड लावायचे, की मग डोक्यातलं बाहेर येतं.

‘चेरोकी’च का, हे कळायला त्या गाण्याचा मधला भाग बघावा लागतो. चौसष्ट बारचं गाणं, त्यात मधे सोळा बार असे येतात की जिथे दर चार बारना चक्क सा बदलतो. एक सा, मग त्याच्या एक पूर्ण स्वर खाली दुसरा सा, मग आणखी एक पूर्ण स्वर खाली तिसरा, आणि तिथून धडपडत मूळच्या घरी. त्या वेळचे भलेभले वादक ह्या मधल्या भागाला टरकायचे, तिथे आले की तोंडातलं वाद्य खाली. पेटी शिकणाऱ्या माणसाला विचारा, काळी दोनवरून काळी एकवर, तेही तीनशेच्या लयीत, दर चार सेकंदांच्याही आत. बर्डला नेमका तोच भाग आवडला. बाकीच्यांना जिथे बोळ वाटत होता तिथे त्याला मैदान दिसलं.

त्यानंतरची पाचसहा वर्षं घडलं काय, तर आधी जे मॅकशॅन नावाच्या पियानोवाल्याचा बँड, ज्यांच्या गाडीखाली एकदा वाटेत कोंबडी आली आणि ह्याने गाडी मागे घ्यायला लावून ती उचलली, उतरलेल्या घरी रात्री शिजवून खाल्ली, आणि यार्डबर्ड म्हणजे कोंबडी हे नाव चिकटलं, पुढे त्याचंच बर्ड झालं. मग हार्लेममध्ये मिंटन्स आणि मन्रोज हे दोन क्लब, जिथे काम संपल्यावर थेलोनियस मंक, केनी क्लार्क, डिझी हे सगळे जमायचे. मग अर्ल हाइन्सचा बँड, मग बिली एकस्टाइनचा. आणि गंमत बघा, ह्याच काळात, १ ऑगस्ट १९४२ पासून, वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकलेला, मोठ्या कंपन्यांशी तो १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालला. म्हणजे बीबॉप जन्माला येत होतं तेव्हाचं रेकॉर्डिंग जवळपास नाहीच. म्हणूनच १९४५ मध्ये बर्ड आणि डिझीच्या तबकड्या आल्या तेव्हा लोकांना ते आकाशातून पडल्यासारखं वाटलं. त्यामागची सगळी घासाघीस कुणी ऐकलेलीच नव्हती.

त्या ‘को-को’च्या सेशनला ट्रम्पेटवर एकोणीस वर्षांचा माइल्स डेव्हिस होता. पण ‘को-को’ त्याला पेलणारं नव्हतं, म्हणून त्यात ट्रम्पेट डिझीने वाजवलं. माइल्सने हे पुढे स्वतःच सांगितलं. आणि ह्याच माइल्सला बर्डने बाजूला काढलं नाही, पुढची तीन वर्षं आपल्या बँडमध्ये उभं ठेवलं.

आता जे मला खरं सांगायचंय त्याकडे. सॅव्हॉय काय, डायल काय, ह्या कंपन्यांनी नंतर बर्डचे सगळेच टेक बाहेर काढले, पूर्ण झालेले, अर्धे सोडलेले, चुकलेले. काही लोकांना ह्याचा कंटाळा येतो, एकच गाणं सलग पाच वेळा कशाला. मला वाटतं बर्ड तिथेच सापडतो. २८ ऑक्टोबर १९४७ च्या सेशनमधलं ‘एम्ब्रेसेबल यू’ घ्या, गर्शविनचं प्रेमगीत, त्याचे दोन टेक आहेत. पहिल्यात बर्ड सहा स्वरांचा एक छोटासा तुकडा घेतो, तो पुन्हा म्हणतो, जरा वळवून पुन्हा, पुन्हा, बढत करावी तसा, आणि गर्शविनची चाल जवळजवळ कुठेच नाही. असा सोलो आयुष्यात एकदा जमला तर माणूस धन्य होईल आणि दुसऱ्या टेकला तोच पुन्हा वाजवायचा प्रयत्न करेल. बर्डने तो सोडूनच दिला. दुसऱ्या टेकमध्ये त्या सहा स्वरांचा मागमूस नाही, अगदी दुसरंच काहीतरी, तितकंच सुंदर. मधे फक्त काही मिनिटं गेलेली.

हे कळल्यावर मला बुवांचं एक वाक्य आठवलं, ते म्हणायचे काल जमलेली जागा आज पाहुणी असते, तिला आमंत्रण द्यायचं नाही, आली तर आली. डीन बेनेडेट्टी नावाचा एक सॅक्सोफोनवाला होता, त्याला हे बहुतेक सगळ्यात आधी कळलं असणार. १९४७ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या एका क्लबात तो रोज रात्री रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन जायचा आणि बर्ड वाजवायला लागला की सुरू, बर्ड थांबला की बंद. बाकीच्यांचं काही घ्यायचं नाही, तबकड्या पुरवून वापरायच्या. पुढे तब्बल चाळीस वर्षांहून जास्त काळ लोक ही रेकॉर्डिंग म्हणजे दंतकथाच समजत होते, १९९० मध्ये ती खरोखर बाहेर आली. अर्धवट तुटक तुकडे, खरखर, कुणाची सुरुवात नाही कुणाचा शेवट नाही. पण रोज रात्री तीच गाणी आणि रोज वेगळा बर्ड.

घरात सगळ्यांना हे झेपत नाही हे उघड आहे. पण आईची एक गोष्ट सांगतो. माझी आई नाट्यगीतांवर वाढलेली, माझ्या जॅझला ती पोंपों म्हणते. एका रविवारी मी ‘जस्ट फ्रेंड्स’ लावलं होतं, १९४९ च्या ३० नोव्हेंबरचं, नॉर्मन ग्रँझ ह्या निर्मात्याने काढलेलं, मागे व्हायोलिन, व्हायोला, चेलो, हार्प, ओबो. अशा वाद्यवृंदासोबत वाजवायची बर्डची स्वतःची फार इच्छा होती, आणि ते आल्यावर कट्टर जॅझवाले म्हणाले की हा बाजारू झाला. आई कढीपत्त्याची फोडणी देत होती, गॅस बारीक करून हातात पळी तशीच घेऊन दारात आली आणि उभी राहिली. पूर्ण तीन साडेतीन मिनिटं. संपल्यावर म्हणाली, ‘ह्याचा गळा चांगलाय गं बाई.’ आणि परत आत. गळा. मी तिला सांगितलं नाही की हे वाद्य आहे वगैरे, कारण तिला माहितीच होतं, आणि तिने जे म्हटलं त्याहून बरोबर मी गेल्या पंचवीस वर्षांत काही वाचलेलं नाही. मागे व्हायोलिनची ती गोडगोड साय, आणि त्यावरून तो असा जातो की प्रत्येक ओळीत श्वास कुठे घेतला ते कळतं.

एक टेक मात्र मी ऐकत नाही. २९ जुलै १९४६, हॉलिवूड, ‘लव्हर मॅन’. डिझीबरोबर आदल्या डिसेंबरात तो तिकडे गेला होता, बाकीचे परतले, हा राहिला, तिथे त्याला हवी ती नशा मिळेना म्हणून दारू, आणि त्या दिवशी तो अक्षरशः उभा राहू शकत नव्हता. गाणं सुरू होतं आणि त्याची जागा येऊन निघून जाते, तो आत येतच नाही, उशिरा येतो, आणि मग जे वाजवतो ते रडणं आहे. त्या रात्री हॉटेलच्या खोलीला आग, अटक, आणि मग कॅमरिलोच्या मनोरुग्णालयात सहा महिने. कंपनीने ती तबकडी बाजारात आणली. बर्डला त्याचा भयंकर राग होता. चार्ल्स मिंगससारख्या थोर बासवादकाला ते त्याचं थोर काम वाटायचं, असेल, पण ज्याने वाजवलं तोच म्हणतोय की हे लोकांना ऐकवू नका तर मी ऐकणार नाही. १९५१ मध्ये त्याने तेच गाणं पुन्हा वाजवलं, शांतपणे, शुद्धीत. मी ते ऐकतो.

नंतरची वर्षं थोडक्यात सांगतो. १९४९ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये त्याच्या नावाने क्लब निघाला, बर्डलँड, आणि दीडदोन वर्षांत पोलिसांनी त्याचं कॅबरे कार्ड काढून घेतलं, म्हणजे शहरातल्या क्लबांत वाजवायचा परवानाच गेला. ज्या शहरात त्याच्या नावाची पाटी लागलेली तिथेच त्याला कामाला बंदी. १९५३ च्या फेब्रुवारीत त्याने अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. मी ते पत्र वाचलंय आणि त्यात एका बापाने लिहिलंय की डॉक्टरच्या फीपुरते पैसे नव्हते म्हणून मुलीच्या तब्येतीची हेळसांड झाली, ती आता सरकारी खर्चाने दवाखान्यात आहे, मला माझं काम परत द्या. ती मुलगी, प्री, पुढच्या वर्षी मार्चमध्ये गेली, तिसरं वर्षही पुरं झालं नव्हतं. बर्ड तेव्हा हजारो मैलांवर लॉस एंजेलिसला होता. रात्रीतून त्याने घरी एकामागोमाग तारा पाठवल्या, मी येईपर्यंत तिला नेऊ नका. जेमतेम वर्षानंतर, १२ मार्च १९५५ ला, तो गेला. टीव्हीवर करमणुकीचा कार्यक्रम बघताना. तपासणाऱ्या डॉक्टरने वय अंदाजे त्रेपन्न लिहिलं. तो चौतीसचा होता.

त्याच्या हातातलं एक वाद्य आज कॅन्सस सिटीच्या म्युझियममध्ये आहे. पितळी नाही, प्लॅस्टिकचं. ग्राफ्टन नावाच्या इंग्रजी बनावटीचं, दुधाळ पांढऱ्या रंगाचं, खेळण्यासारखं दिसणारं. १५ मे १९५३ ला टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये बर्ड ते घेऊन उभा राहिला, बरोबर डिझी, बड पॉवेल, मिंगस, मॅक्स रोच. हॉल भरला नव्हता, कारण त्याच रात्री शिकागोत मार्सियानो आणि वॉलकॉटची बॉक्सिंग होती. करारामुळे रेकॉर्डवर बर्डचं नाव छापता येत नव्हतं म्हणून चार्ली चॅन छापलं. तो आवाज ऐका, प्लॅस्टिक कुठे आहे ते शोधून दाखवा. १९९४ मध्ये लंडनच्या लिलावात ते वाद्य ९३,५०० पौंडांना गेलं, कॅन्सस सिटीने आपल्या पोरासाठी घेतलं. आई सफाईकाम करायची त्याच गावाने.

आपल्या मुंबईशी त्याचा धागा एकच, पण तो पक्का आहे. सॉनी रोलिन्स, बर्डला देव मानणारा सॅक्सोफोनवाला पोरगा, १९५३ च्या जानेवारीत एका सेशनला बर्डबरोबर वाजवत होता. बर्डने हेरॉइनबद्दल विचारलं, सोडलंस ना रे ते? रोलिन्स हो म्हणाला आणि ते खोटं होतं, आणि बर्डला कळलं तेव्हा त्याचा चेहरा जो पडला तो रोलिन्सला आयुष्यभर पुरला. तो व्यसनमुक्तीसाठी लेक्सिंग्टनच्या सरकारी इस्पितळात भरती झाला, मनात एवढंच की बरं होऊन बर्डला दाखवायचं, आणि तिथे असतानाच बर्ड गेल्याची बातमी आली. रोलिन्सने ते पुन्हा कधी हातात घेतलं नाही. पुढे १९६० च्या दशकाच्या शेवटी हा रोलिन्स एक बॅग आणि सॅक्सोफोन घेऊन भारतात आला आणि काही महिने राहिला तो आपल्या पवईच्या आश्रमात. १९७८ च्या मुंबईतल्या पहिल्या जॅझ यात्रेला येऊन वाजवूनही गेला. मी पवईवरून बसने जातो तेव्हा तलाव दिसला की मला हटकून हे आठवतं. आश्रमातला तो उंच अमेरिकन माणूस, आणि त्याने कधीच न पोचवलेलं ते एक उत्तर.

काल रात्री पुन्हा त्या नोव्हेंबरच्या सेशनला गेलो. ‘को-को’ नाही, त्याच दिवशीचा दुसरा एक तुकडा आहे, ‘वॉर्मिंग अप अ रिफ’. बर्डचं वाद्य त्या दिवशी कुरकुरत होतं, चरचर आवाज काढत होतं, तर ते ठीक झालं का बघायला म्हणून तो सहज वाजवत होता, ‘चेरोकी’च्याच कॉर्डवर पण आरामाच्या लयीत. कुणीतरी यंत्र चालू केलं. हेडफोन लावले, मांडीवर बोटं ठेवली आणि मोजायला गेलो तर पहिला बार सापडेना, कारण सुरुवातच नाहीये त्याला. तबकडी फिरायला लागते तेव्हा तो आधीपासून वाजवतच असतो.